सैन्याची टेहळणी पथकं आणि बचाव पथकं वापरतात तसे वॉकीटॉकी आमच्या सातपुड्यात फिरणाऱ्या गटाला उपयोगी पडतील का?

पडतील भाऊ, पण कुठला सेट घ्यायचा याच्या आधी डोंगरावर कुणाला बसवायचं ते ठरवा. मी फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत होतो. आता धुळ्याला असतो आणि पावसाळ्यात कुणी दरीत अडकलं की इथल्या पोरांबरोबर जातो.

हातातला सेट व्हीएचएफ किंवा यूएचएफ या पट्ट्यांतल्या रेडिओ लहरींवर चालतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. ५ वॅटचा सेट मोकळ्या सपाटीवर काही किलोमीटर आरामात बोलतो, पण तोरणमाळला सीताखाईच्या बाजूने उतरून कड्याआड गेलात की वरच्या माणसाला नुसती खरखर ऐकू येते. म्हणून दोन्ही बाजू दिसतील अशा धारेवर एक माणूस बसवायचा. खालून आलेला निरोप त्याने जसाच्या तसा वर द्यायचा, आपलं काही घालायचं नाही. यालाच रिले म्हणतात. शांत डोक्याचा माणूस तिथे द्या, उरलासुरला नको.

लष्कराकडे एचएफ, म्हणजे त्याहून लांब लहरींचे सेटही असतात. आडवी तार बांधून लहर जवळजवळ उभी वर सोडतात, ती आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरून डोंगरापलीकडे उतरते. तुम्हाला त्याची गरज नाही.

टेहळणीत आणि बचावात सेट तोच असला तरी वागणं उलटं. टेहळणीवर बटण दाबलं की शत्रू लहरींवरून दिशा काढू शकतो, म्हणून तुकडी बहुतेक वेळ फक्त ऐकते. बचावात गप्प तुकडी म्हणजे काळजी. ठरल्या वेळी हजेरी द्यायचीच. निरोप एकाच क्रमाने द्या: कुठे आहात, जखमी किती, चालू शकतात का, काय हवंय. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तो ‘डावीकडे’ असला तर खालचा माणूस कुठे जाईल?

परवान्याचं नीट बघा. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा प्रत्येक सेट त्यात बसत नाही. जास्त ताकद हवी तर गटातल्या दोघातिघांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा द्यावी, मी आग्रहाने सांगतो. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगूच नका.

गटात किती जण आहात आणि कुठल्या वाटेने जाता ते लिहा, नकाशा बघून रिलेची जागा सुचवतो.