स्तन काढल्यावर सिलिकॉन बसवावं की पोटाचं मांस?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात कॅन्सरमुळे डावा स्तन काढायचा आहे, नवा स्तन घडवायला डॉक्टरांनी "सिलिकॉन की पोटाचं मांस, ठरवून या" म्हणून सांगितलंय आणि घरात कुणाशी बोलता येत नाही. मी अंबाजोगाईकडची, शेतातली बाई. 2021 मध्ये याच ठिकाणी उभी होते.

आधी एवढंच विचारा, मला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावं लागणार का? निम्मं तिथंच ठरतं. सिलिकॉनभोवती शरीर स्वतःचं एक आवरण धरतं, शेकानंतर ते आवळण्याची भीती फार वाढते. छाती कडक होते, दुखते, कधीकधी सिलिकॉन काढावंही लागतं. माझ्या काखेतल्या गाठींत रोग पोचला होता, शेक टळणार नव्हता. म्हणून आधी नुसता स्तन काढला, किमो-शेक पुरे केले आणि वर्षभराने पोटाचं करून घेतलं. तोवर ब्लाउजला आतून कापसाची गादी शिवली होती. हे काम मागाहूनही होतं ताई, घाबरून लगेच हो म्हणू नका.

सिलिकॉनचं ऑपरेशन लहान, पण ते जन्मभर पुरेलच असं नाही. पाठीचं मांसही घेतात. तो स्नायू पाणी शेंदायला लागतो, म्हणून मी नको म्हटलं. पोटाचं माझं पुण्यात आठ तास चाललं. स्नायू तसाच ठेवून कातडी आणि चरबी घेतली, तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडल्या. याला डीप फ्लॅप म्हणतात. स्नायूही काढला तर हर्नियाची भीती जास्त, तेव्हा नेमकं काय काढणार ते विचाराच. पहिल्या रात्री नर्स तासातासाला छातीला डॉप्लर, म्हणजे रक्त वाहतंय का ते ऐकायचं यंत्र, टेकवायची. त्यातून सूं-सूं आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. आठवडाभर वाकूनच चालले. दोन महिने हंडा उचलला नाही, सासूबाईंनी पाणी भरलं.

मिश्री लावत असाल तर आजच सोडा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, लावलेलं मांस काळं पडू शकतं. माझी पंधरा वर्षांची सवय होती, सुटली.

आणि काहीच न बसवणं हेही चालतं. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी तेच केलं, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. नव्या स्तनाला स्पर्श नीट कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी कधी धरू नका, भाजलेलंही कळणार नाही. धाकटी लेक छातीवर डोकं ठेवून झोपते तेव्हा मला तिचं वजन कळतं, ऊब कळत नाही.