आधी तीनशे, मग तीन लाख

पोरी,

परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा पिता पिता तू, डॉक्टर मैत्रिणीबरोबर काढायच्या तुझ्या सेंटरचा हिशोब लिहिलेलं वहीचं पान पुढं केलंस आणि विचारलंस, सर, आयव्हीएफ (अंडं आणि शुक्राणू लॅबमध्ये जुळवून गर्भ तयार करायचा) सव्वा लाखात कसं बसवायचं सांगा. मी पान बघितलं आणि तुझ्यावर खेकसलो. घरी आल्यावर बायकोनं माझी चांगली हजेरी घेतली, एवढी आशेनं आलेली पोरगी आणि तुम्ही तिला हिशोब येत नाही म्हणता. म्हणून आता शांतपणे लिहितोय, शांतपणे किती जमतंय बघू.

पानावर काय होतं? गर्भ उबेत ठेवायचा जुना इन्क्युबेटर हैदराबादहून, मीडिया (गर्भ ज्यात वाढतो ते द्रव) जरा कमी भावाचा, कॅथेटर घाऊक, इंजेक्शनं डीलरकडून थेट, स्टाफ दोनच. सगळी काटाकाट लॅबमधली. म्हणजे पेशंट आयव्हीएफला येणारच हे धरून तू चाललीयस आणि मग त्याच्या बिलातून पाच-पाच हजार ओरबाडतीयस. अगं पण त्याला आयव्हीएफ लागतंय का, हे कोणी बघायचं? ते पानावर कुठंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते मरेपर्यंत बोलणार, आधी तीनशे, मग तीन लाख. नवऱ्याची सिमेन (वीर्य) तपासणी आधी, नीट, आणि गडबड दिसली तर दोनदा. (आता तीनशेत कुठं होते म्हणशील, माहितीय, माझ्या डोक्यात जुनाच भाव बसलाय.)

तू म्हणशील हे तर पहिल्याच धड्यात असतं. असतं की. पण पूर्व भागात जाऊन बघ, लग्नाला तीन वर्षं झाली की सासू सुनेला घेऊन निघते, सोनोग्राफी, एचएसजी म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, एएमएचची रक्ततपासणी, पोटात दुर्बीण, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अजून एक दुर्बीण, आणि नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून मावा मळतोय. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा थोडाफार तरी भाग असतो, हे तुला मी सांगायला नको. पण त्याच्या हातात डबी द्यायची सगळ्यांना लाज वाटते, डॉक्टरांनासुद्धा. बाईच्या पोटाला भोक पाडायची वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती बायकोलाही पूर्ण माहीत नाही.

२००९ साल असेल. मी एका लॅबमध्ये होतो, नाव जाऊ दे. सकाळची वेळ, खिडकीवर उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर असलेला एक माणूस आला, तिशीतला, शर्टावर सुताचा कापूस तसाच चिकटलेला. मी डबी दिली आणि संडासाकडं बोट दाखवलं. त्या संडासाला आतून कडी नव्हती, तुटून महिना झाला होता, बाहेरून लोक दार वाजवतायत आणि हा आत एका हातानं दार धरून उभा. वीसेक मिनिटांनी आला, डबी रुमालात गुंडाळलेली, आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "थोडं सांडलं ओ सर, सुरुवातीचंच." मी हं म्हणालो. लेबल लावलं. काउंट, म्हणजे एका मिलीलिटरमधले शुक्राणू, आला ६ मिलियन. रिपोर्टवर ६ लिहिलं, सही केली आणि "नमुना अपुरा" हे दोन शब्द लिहिले नाहीत. सुरुवातीच्या थेंबांतच सगळ्यात जास्त शुक्राणू असतात हे मला तेव्हाही पाठ होतं, कुणी नंतर शिकवलं असं नाही. रांग मोठी होती एवढंच.

त्या एका कागदावर त्यांचं इक्सी (एकेक शुक्राणू सुईनं अंड्यात टोचून करायचं आयव्हीएफ) ठरलं, बाहेरगावी. बायको विड्या वळायची, तिच्या पीएफमधून पैसे काढले, सोनं गहाण टाकलं, उरलेलं दीर-जावेकडून घेतलं. झालं नाही. दीडेक वर्षानं तोच माणूस परत माझ्याच खिडकीवर, नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा करून आणा म्हणून पाठवलेला. या वेळी दाराला कडी होती. काउंट ४८ मिलियन, पळणारे निम्म्याहून जास्त. मी मोजायचा चेंबर धुतला आणि पुन्हा मोजला, पुन्हा तेवढाच. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची हद्द १६ मिलियन दिलीय, याचा तिप्पट. गोळ्या आणि साधं आययूआय (शुक्राणू धुऊन थेट गर्भाशयात सोडायचे) चार-पाच वेळा करून बघता आलं असतं, त्या पैशातले बरेचसे घरातच राहिले असते. आणि मी त्याला काय म्हणालो? रिपोर्ट चांगला आलाय बरं का. त्याला आनंद झाला, माझा हात हातात घेतला त्यानं. पुढं मी कधी विचारायला गेलो नाही. अजून अशोक चौकातून जाताना मी उगाच समोर बघून गाडी जोरात काढतो.

म्हणून विचारत जा. गेल्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला का, डेंगू, चिकनगुनिया, टायफॉइड? शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, आज डबीत जे आलंय ते अडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचं आहे. दोन ते सात दिवसांचं अंतर पाळलं का? सगळं डबीत आलं का? डाईंगला, भट्टीवर काम आहे का? आणि जिमला जातो का, तिथं कुणी इंजेक्शन देतं का, हे तर हल्ली नक्की विचार, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की आतलं काम बंद पडतं आणि पोरगा दंड फुगवून शून्य काउंट घेऊन येतो, बऱ्याच जणांचं ते बंद करून काही महिने गेले की परत सुरू होतं. हे प्रश्न विचारायला दमडी लागत नाही, पण ते विचारायला खिडकीवर माणूस लागतो आणि तू स्टाफ दोनच लिहिलायस!

इक्सीचं बोलू. तू आहेस तिथं सरसकट सगळ्यांना इक्सी करतात, तुला खटकतं पण बोलवत नाही. मला कळतं ते. मी बावीस वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये काढली. कितीदा डिशमध्ये असले मस्त पळणारे शुक्राणू असायचे की नुसते अंड्याशेजारी सोडले असते तरी भागलं असतं, आणि मी आपला एकेक पकडून टोचतोय. बोललो नाही. दोन पोरींच्या फिया, घराचा हप्ता, आणि वर ही भीती की इक्सी केलं नाही आणि एकही अंडं फलित झालं नाही तर खापर लॅबवाल्यावरच फुटणार. ती भीती खरी असते, मी भित्रा होतो असं समजू नको, तू त्या खुर्चीत बसून बघ. बसलीच आहेस म्हणा. पण व्हिएतनाममध्ये हजारावर जोडप्यांवर चाचणी झाली, नवऱ्याचा काउंट चांगला असलेली जोडपी, २०२१ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आली, इक्सी केल्यानं मुलं काही जास्त झाली नाहीत. तेच गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढायचं. आम्ही किती जणींना केलं ते. २०१९ ला १३६४ बायकांवरची चाचणी आली, फायदा काही नाही. घेतलेले पैसे कोण परत देणार? या दोन ओळी तुझ्या पानावर खोडलेल्या दिसायला हव्या होत्या. तू कात्री लावलीस ती मीडियाला.

मीडियाला हात लावायचा नाही. त्यावर झाकायच्या तेलाला नाही, इन्क्युबेटरच्या गॅसला नाही, यूपीएसला नाही. आपल्या गावात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, नळाला पाणी काही दिवसांआड, मे महिन्यात गच्ची तापली की एसी नुसता घरघरतो. आणि इन्क्युबेटर ३७ वर राहायला हवा म्हणजे हवाच. तिथं वाचवलेले पाच हजार म्हणजे कुणाचे तरी दोन लाख पाण्यात.

तू मोबाईलवर बेल्जियमचं दाखवलंस, त्या ओम्बेलेट डॉक्टरांचं, खायचा सोडा आणि सायट्रिक अॅसिड बंद काचेच्या नळीत एकत्र करून कार्बन डायऑक्साइड तयार करायचा, महागडा इन्क्युबेटर नको, आणि त्यातून मुलं जन्मली. मी तोंड वाकडं केलं पण रात्रभर तेच डोक्यात. खरंच चांगलं आहे. जगातलं पहिलं आयव्हीएफचं बाळ, लुईस ब्राउन, १९७८ ला झाली तीसुद्धा इंजेक्शनांशिवाय, आईच्या नेहमीच्या पाळीतल्या एका अंड्यावर. म्हणजे साधेपणानं होत नाही असं मी म्हणतच नाही. फक्त हे बघ, त्या काचेच्या नळीतसुद्धा घेतली कोणती जोडपी, तर ज्यांच्यात शुक्राणू पुरेसे आहेत ती. म्हणजे तिथंही आधी मोजलं. आलं का लक्षात?

बाकीचं तुझ्या डॉक्टर मैत्रिणीच्या हातात आहे. अंडं तयार व्हायला देतात ती लेट्रोझोलची गोळी किती स्वस्त आहे तिला ठाऊक असेल, २०११ ला आपल्याकडं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली आणि २०१७ ला उठली, तेवढ्यात इंजेक्शनांची सवय लागली ती लागलीच. गर्भ एकच सोडा, उरलेले गोठवा. जुळी झाली की पेढे वाटतात, पण सातव्या महिन्यात आली की काचेच्या पेटीचं रोजचं बिल कुठल्या पॅकेजमध्ये नसतं. पॅकेजवरून आठवलं, ते "९९ हजारात आयव्हीएफ"चं बॅनर लावायचं खूळ काढून टाक, त्यात इंजेक्शनं धरलेली नसतात, गोठवायचे धरलेले नसतात, आणि शेजारीच ईएमआयवाला पोरगा फॉर्म घेऊन बसलेला असतो. जे काय होणार ते पहिल्या दिवशी मराठीत लिहून द्या, तेलुगूतसुद्धा.

आणि ज्याच्याकडं खरंच पैसे नाहीत त्याला तोंडावर सांग. आयुष्मान कार्डावर आयव्हीएफ बसत नाही. मुंबईला कामा हॉस्पिटलात २०२४ पासून सरकारी आयव्हीएफ केंद्र आहे, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की सकाळी मुंबई, चिठ्ठी लिहून दे आणि पाठव. मैत्रीण म्हणेल हातचा पेशंट घालवतेस. घालव.

राहिला तुझा खरा प्रश्न, जो तू विचारलाच नाहीस, नोकरी सोडू का. सोड, पण आयव्हीएफ सेंटर काढायला नको. २०२१ च्या एआरटी (वंध्यत्वाच्या उपचारांच्या) कायद्याखाली लेव्हल १ ची नोंदणी करा, त्यात आययूआय करता येतं. तुझी चांगली सिमेन लॅब, तिची ओपीडी, बास. ज्यांना आयव्हीएफ लागेलच त्यांना तुमची खात्री असेल तिथं पाठवा. दोन वर्षांत किती जणांचं आयव्हीएफ टळलं ते मोज आणि मग कर्ज काढायचं का ते बोलू. तुमच्या खिशालाही तोच नियम, आधी तीनशे. मी चाळीशीत हे करायला हवं होतं, केलं नाही. कारणं वर सांगितली, त्यातली निम्मी खरी आहेत.

जागा बघितलीस की मला बोलव. तुझा तो रिफर्बिश्ड इन्क्युबेटर बघायला मी येणार नाही, पण कलेक्शनची खोली बघायला येईन. ती रिसेप्शनपासून लांब पाहिजे, आत हात धुवायला पाणी, एक खुर्ची, डबी रुंद तोंडाची, आणि दाराला आतून कडी. ती कडी नीट लागते का, ते सुताराला विचारू नको, स्वतः आत जाऊन लावून बघ.