कथा-कविता-चित्रं हे पण संशोधन धरतात का? विद्यापीठातले आर्ट्स-सायन्सचे लोक नक्की करतात काय?

तुमचा प्रश्न असा की लॅबवाले सोडले तर बाकीचे प्राध्यापक संशोधन म्हणून काय करतात, आणि कादंबरी किंवा नाटक त्यात कसं मोजायचं. मी स्वतः साहित्य शिकवतो त्यामुळे हा प्रश्न मला कायम विचारला जातो, जरा सविस्तर लिहितो.

आधी सायन्सच घ्या, कारण तिथलं सगळं उपयोगाचंच असतं असा समज आहे. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाचे मायक्रोबायोलॉजीचे प्राध्यापक अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या गरम झऱ्यांत काय जगतं ते बघत होते, बास, एवढंच कुतूहल. तिथला एक जिवाणू त्यांनी आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने लॅबमधे वाढवला आणि १९६९ मधे त्याचं वर्णन छापलं, थर्मस अ‍ॅक्वाटिकस, ७० अंशांच्या आसपास आरामात वाढणारा. पुढे ८० च्या दशकात पीसीआर ही डीएनएच्या भराभर प्रती काढायची पद्धत आली, त्यात नमुना दर फेरीत खूप तापवावा लागतो आणि प्रती काढणारं साधं एन्झाइम त्यात निकामी होतं म्हणजे दरवेळी नवीन घाला, पण या जिवाणूचं एन्झाइम टिकतं आणि त्यामुळेच पीसीआर सगळीकडे वापरता यायला लागलं. ब्रॉकना तेव्हा कोणी "याचा फायदा काय" विचारलं असतं तर हे उत्तर त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं.

आता आर्ट्स. अ‍ॅलिस कोबर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमधे ग्रीक-लॅटिन शिकवायच्या, शिकवण्याचा लोड भरपूर, उरलेल्या वेळात अभ्यास लिनिअर बीचा, म्हणजे क्रीट या ग्रीक बेटावर सापडलेली प्राचीन लिपी, जी कोणालाच वाचता येत नव्हती. युद्धामुळे कागदाची टंचाई, तर मिळेल त्या कागदाचे तुकडे कापून त्यांनी जवळजवळ १ लाख ८० हजार चिठ्ठ्या केल्या आणि सिगरेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या. भाषा कुठली असेल याचा अंदाज बांधायचाच नाही, आधी चिन्हं कशी वागतात ते बघायचं हा त्यांचा हट्ट (मला यातलं हेच सगळ्यात आवडतं). त्यातून त्यांनी दाखवलं की शब्दाचा मूळ भाग तोच राहतो आणि शेवट बदलतो, म्हणजे या भाषेत विभक्तीसारखं काहीतरी आहे. १९५० मधे त्या गेल्या आणि १९५२ मधे मायकल व्हेंट्रिस या आर्किटेक्टने लिपी उलगडली, भाषा निघाली जुनी ग्रीक. कोबरबाईंची पद्धत नसती तर ते इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

मग कविता-नाटकाचं काय? तर हो, धरतात, आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९२२ मधेच जाहीर केलं होतं की पदव्युत्तर पदवीसाठी थीसिस म्हणून सर्जनशील काम चालेल. ब्रिटनमधे विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं त्यात पण संगीतरचना, रंगमंचावरचा प्रयोग, प्रदर्शन दाखवता येतं, फक्त यातून नवीन काय कळलं ते सांगावं लागतं. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी ते तपासायचं, रिसर्च पेपर तपासतात तसंच. बऱ्याच ठिकाणी सर्जनशील पीएचडीला कादंबरीच्या जोडीला मोठा समीक्षालेखही मागतात. मला ते नेहमी पटत नाही, कारण काही वेळा लेखकाने जे शोधलंय ते कादंबरीच्या रचनेतच असतं आणि वेगळं समजावून सांगायला गेलं की पातळ होतं, पण निदान प्रश्न काय होता आणि तो कसा हाताळला हे लिहायला लागतं हे चांगलंच आहे.

तुम्हाला अ‍ॅडमिशनसाठी बघायचं असेल तर डिपार्टमेंटच्या पेजवर नुसती पेपरची संख्या बघू नका. एक प्राध्यापक निवडा, त्यांचं एक काम पूर्ण वाचा किंवा बघा आणि त्यातली जी गोष्ट डोक्यात अडकेल त्यावर सरळ ईमेल करा, प्रश्न नेमका असेल तर बरेच जण मनापासून उत्तर देतात.