रिबन कृमींच्या अभ्यासाची सुरुवात

परभणीत राहून रिबन कृमींचा अभ्यास करण्याची तुमची इच्छा वाचून आनंद झाला. त्यांच्या सुमारे १३०० ज्ञात जातींपैकी बहुतेक समुद्रात राहतात, तरी पायाभूत ओळख घरीच होऊ शकते.

नवशिक्यांची पहिली चूक नावामुळे होते: फितीसारखा दिसतो म्हणून या प्राण्याला पट्टकृमीचा (टेपवर्मचा) नातेवाईक समजले जाते. पट्टकृमी आणि प्लॅनेरिया हे दोन्ही चपटे कृमी आहेत: पट्टकृमीला अन्ननलिकाच नसते आणि प्लॅनेरियाच्या अन्ननलिकेला एकच द्वार असते. रिबन कृमीला मात्र तोंड व गुदद्वार वेगळे असून बंदिस्त रक्तवाहिन्याही असतात, आणि म्हणूनच आज त्याला चपट्या कृमींत न धरता स्वतंत्र संघ (फायलम, म्हणजे प्राण्यांचा एक मुख्य गट) मानतात.

खरी खूण म्हणजे सोंड. ती अन्ननलिकेच्या वर, द्रवाने भरलेल्या वेगळ्या पोकळीत असते. स्नायूंनी द्रवावर दाब दिला की हातमोज्याचे बोट उलटावे तशी ती बाहेर येऊन भक्ष्याला विळखा घालते. ही रचना नीट समजेपर्यंत वर्गीकरणातील गण आणि कुळे पाठ करू नका.

आरंभी एवढेच करा:

- गांडूळ, जळू आणि प्लॅनेरिया भिंगाखाली पाहून फरक चित्रांसह नोंदवा.
- पावसाळ्यात कुंडीखाली दिसणारा, पंख्यासारख्या डोक्याचा लांब कृमी म्हणजे जमिनीवरील प्लॅनेरिया. त्याला रिबन कृमी म्हणू नका.
- रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी गेलात, तर दिसलेला रिबन कृमी ओढू नका, कारण तो सहज तुटतो. उलटवलेला दगडही पूर्ववत ठेवा.