युद्धात स्त्रियांवरील अत्याचार 'अटळ' असतात का? फोचा खटल्याच्या आधारे उत्तर

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. युद्ध म्हटले की स्त्रियांवर अत्याचार व्हायचेच. शस्त्र हातात असलेल्या पुरुषांचा संयम सुटला तर त्याला कोण काय करणार. आणि इतक्या वर्षांनी लागलेल्या निकालांनी कोणाचे काय भले होते? पहिल्या दोन विधानांशी मी सहमत नाही. तिसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. सरसकट बोलण्याऐवजी मी बोस्नियातील फोचा हे एकच प्रकरण थोडे तपशिलाने मांडतो, कारण त्याचा निकाल उपलब्ध आहे आणि संयम सुटण्याची कल्पना त्या निकालापुढे टिकत नाही.

फोचा हे पूर्व बोस्नियातील द्रिना नदीकाठचे शहर. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात पेटलेल्या युद्धात, एप्रिल १९९२ मध्ये, बोस्नियन सर्ब फौजांनी ते ताब्यात घेतले. मुस्लिम पुरुषांना तेथील तुरुंगात डांबण्यात आले आणि स्त्रिया व मुलींना वेगळे काढून आधी शहरातील माध्यमिक शाळेत, मग 'पार्टिझान' नावाच्या क्रीडागृहात ठेवण्यात आले. हे क्रीडागृह पोलीस ठाण्याच्या अगदी जवळ होते आणि त्यावर पहारा होता. सैनिक येत, बोटाने दाखवून बायका-मुली निवडत, त्यांना घरांमध्ये नेत आणि काही वेळा परत आणून सोडत. ज्यांनी पोलिसांकडे दाद मागितली त्यांना संरक्षण मिळाले नाही. पोलिसांनी डोळेझाक केली, पहाऱ्याला हातभार लावला आणि अत्याचारांतही भाग घेतला, असे न्यायालयाने नोंदवले. काही मुलींना महिनोन्महिने खासगी घरांत कोंडून घरकाम आणि बलात्कार दोन्ही सोसावे लागले. रादोमिर कोवाच या आरोपीने आपल्या ताब्यातील दोन मुली प्रत्येकी ५०० जर्मन मार्कांना विकल्या. सुमारे १२ वर्षांच्या आणखी एका मुलीची विक्री २०० मार्कांना झाली.

आता विचार करा: जागा ठरलेली, पहारा ठरलेला, ने-आण ठरलेली, किंमतसुद्धा ठरलेली. याला क्षणिक आवेग कसे म्हणायचे? एखाद्या सैनिकाचा तोल जाणे आणि ताब्यातील मुलगी महिनोन्महिने वापरून विकणे यांच्यामध्ये असंख्य लोकांची संमती, सोय आणि मौन असते.

सशस्त्र गटागटांतील फरकही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिझाबेथ जीन वुड यांनी दाखवून दिले आहे की काही संघटनांकडून नागरिक स्त्रियांवर बलात्कार सर्रास होतात, तर काहींकडून फारच कमी. श्रीलंकेतील एलटीटीईचे उदाहरण त्या देतात. या संघटनेने अन्य प्रकारची क्रूर हिंसा मुबलक केली, पण नागरिक स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार तिच्या सैनिकांकडून तुलनेने विरळ घडले. त्या संघटनेचे गुणगान करण्याचा प्रश्नच नाही. मुद्दा इतकाच की नेतृत्वाने बंदी घातली आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा होते हे सैनिकांना ठाऊक असले, तर हिंसेचा हा एक प्रकार रोखता येतो. जे रोखता येते त्याला अटळ म्हणता येत नाही, आणि जे रोखले गेले नाही त्याचा जाब वरपर्यंत विचारता येतो.

कायदा मात्र हा जाब विचारायला फार उशिरा शिकला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात बलात्काराला मनाई होती, पण ती स्त्रीच्या अब्रूवरील हल्ला म्हणून; करारातील गंभीर उल्लंघनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. बदल घडला तो १९९० च्या दशकात, आणि तोही साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या स्त्रियांमुळे. १९९४ च्या रवांडा वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे ताबा या प्रशासकीय विभागाचा प्रमुख झाँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला चालला; त्याच्यावरील मूळ आरोपपत्रात लैंगिक गुन्ह्यांचा उल्लेखच नव्हता. १९९७ च्या आरंभी एका साक्षीदार स्त्रीने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या सामूहिक बलात्काराविषयी सांगितले. पीठावर नवी पिल्लै ही एकच स्त्री न्यायाधीश होती, आणि त्यांनी हा विषय प्रश्न विचारून पुढे नेला. त्यानंतर आरोपपत्र बदलले आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी, बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो, असे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने प्रथमच ठरवले. ही साक्ष झाली नसती किंवा पीठावर प्रश्न विचारणारे कोणी नसते, तर हा निकाल वेगळा लागला असता, असे मला वाटते.

फोचाचा खटला हेग येथील, माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे मार्च २००० मध्ये सुरू झाला आणि २२ फेब्रुवारी २००१ रोजी झांबियाच्या न्यायाधीश फ्लोरेन्स मुम्बा यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिला. तीन आरोपींपैकी द्रागोल्युब कुनाराच या कमांडरला २८, कोवाचला २० आणि झोरान वुकोविचला १२ वर्षांची शिक्षा झाली. केवळ बलात्कारच नव्हे, तर लैंगिक शोषणासाठी स्त्रीला ताब्यात ठेवणे ही गुलामगिरी असून तो मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, हे येथे ठरले. कुनाराचचा एक बचाव असा होता की एका मुलीने स्वतःहून पुढाकार घेतला. प्रत्यक्षात कमांडरला, म्हणजे कुनाराचला, खूश केले नाही तर जिवे मारू, अशी धमकी दुसऱ्या सैनिकाने तिला दिलेली होती. आजूबाजूची परिस्थिती पाहता आपली गफलत झाली, असे आरोपी म्हणू शकत नाही, हे पीठाने स्पष्ट केले. २००२ मधील अपिलाच्या निकालाने पुढे सांगितले की पीडितेने प्रतिकार केलाच पाहिजे अशी कोणतीही अट कायद्यात नाही.

हा मुद्दा मराठी वाचकांना परका वाटू नये. महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले, कारण तिने विरोध केल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराविषयीचा कायदा बदलला. तो युद्धाचा प्रसंग नव्हता. पण ज्याच्या हाती बंदूक आणि कुलूप आहे त्याच्यासमोर 'संमती' कशी मोजायची, हा प्रश्न तोच होता.

आपल्याकडच्या सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशांकडे पाहिले तर परिस्थिती समाधानकारक नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सशस्त्र दलांतील व्यक्तींनी केलेले लैंगिक गुन्हे साध्या फौजदारी कायद्याखाली आणण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत तैनात सैनिकाने केलेल्या बलात्काराला कठोर शिक्षेची तरतूद झाली, परंतु अशांत भागांत सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या अफ्स्पा कायद्यातील, सैनिकावर खटला भरण्यासाठी केंद्राच्या पूर्वपरवानगीची अट तशीच राहिली. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदता येणारी फिर्याद, १८ मे रोजी नोंदला गेला आणि अटकेला वेग आला तो जुलैमध्ये चित्रफीत पसरल्यावर. मधल्या काळात पोलीस काय करत होते, असे सर्वोच्च न्यायालयाने विचारले. तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांची, तर पुनर्वसनाच्या समितीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांची नेमणूक झाली. फोचातील तपशील आणि हे तपशील सारखे नाहीत, पण पहिली विचारणा दोन्हीकडे पोलीस ठाण्यालाच करावी लागते.

राहिला निकालांच्या उपयोगाचा प्रश्न. बोस्नियात २०,००० ते ५०,००० स्त्रियांवर बलात्कार झाल्याचे अंदाज दिले जातात; त्यांच्या तुलनेत शिक्षा झालेल्यांची संख्या अगदी तोकडी आहे, आणि वुकोविचची तर मुदतीपूर्वीच सुटका झाली. तरीही निकालाने एक काम केले: काहीच घडले नाही, असे म्हणणाऱ्यांना आता न्यायालयीन नोंद खोडावी लागते. बोस्निया-हर्झेगोव्हिना संघराज्याने (हा संपूर्ण देश नव्हे, देशाच्या दोन स्वायत्त घटकांपैकी एक) २००६ मध्ये अशा स्त्रियांना युद्धपीडित नागरिक म्हणून मान्यता देऊन मासिक मदत सुरू केली, आणि बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचा तिथल्या कायद्यात समावेश व्हायला २०२३ साल उजाडले. ती मुले तेव्हा तिशीला आली होती.