कर्जतला गाडीला मागून इंजिन का लावतात?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. उताराच्या गणितात एमजी साइन थीटा कुठे घ्यायचं आणि कॉस थीटा कुठे, हे त्याला उमगतच नाही, पाठ करतो आणि पेपरात उलटं लिहून येतो. परवा पुण्याला जाताना कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडत होते तर मला म्हणाला, आई पुढचं इंजिन कमी पडतं का? मला सांगता येईना.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, त्याने खिडकीतून जे विचारलं ना तेच ते गणित आहे, फार छान विचारलंय!

आधी घरी एक करून बघा. लाकडी फळीवर स्टीलची वाटी ठेवा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. फळी आडवी असते तेव्हा वाटीला फळीवरून खाली ओढणारं काहीच नसतं, सगळं वजन फळीवर दाबतं, आणि फळी पार उभी केली की दाब शून्य आणि सगळं वजन खाली ओढतं. एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन. शून्य अंशाला साइन शून्य, म्हणून उताराच्या दिशेची ओढ ती साइनची आणि फळीवरचा दाब कॉसचा. पेपरात गोंधळ झाला की थीटा शून्य करून बघायचं, बस.

आता वाटी कुठल्या कोनाला सुटते ते बघून ठेवा, मग वाटीत मूठभर तांदूळ घालून परत करा. जवळपास त्याच कोनाला सुटेल! कारण वजन वाढलं की ओढ वाढते पण दाबही तेवढ्याच पटीत वाढतो आणि त्याबरोबर घर्षणही. मुलाला हे स्वतःच्या हाताने करू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

आता घाट. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोन जेमतेम दीड अंश, डोळ्याला जाणवतही नाही, पण १००० टनांच्या गाडीला तो २७ टनांच्या वजनाएवढं मागे ओढतो. सपाटीवर टनामागे दोन-तीन किलोची ओढ पुरते, इथे त्यावर आणखी २७ किलो लागते, म्हणून हो, पुढचं इंजिन खरंच कमी पडतं. आणि सगळा जोर पुढूनच लावला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, फार ताण येतो, म्हणून बँकर म्हणजे मदतीची इंजिनं मागून ढकलतात, आणि मधे कपलिंग तुटलंच तर मागे सुटू पाहणारे डबे धरायला ती तिथे असतात.