खळ्यातली दुर्बीण : वाचकांचे प्रश्न

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या या खेपेच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलंय : "वस्तूच खराब निघाली का?" वेंगुर्ल्यात मी अठ्ठावीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. गिऱ्हाईक दारातूनच "पिक्चर ट्यूब गेली" म्हणत यायचं, आणि मी शिडी लावून कौलांवर चढलो की अँटेनाचा जोड हिरवा पडलेला सापडायचा. दुर्बीण-कॅमेऱ्याचंही तसंच असतं, म्हणून मी तपासणी पायांपासून सुरू करतो आणि भिंगाकडे शेवटी जातो.

प्रश्न : पगारातून पैसे साठवून ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेतला. १३५ मिमीची लेन्स लावून मृगाच्या पट्ट्याचा ६० सेकंदांचा फोटो काढला तर प्रत्येक ताऱ्याची लांब रेघ! ट्रॅकरविना काढला असता तर बरा आला असता. बदलून मागू का? (हर्णै)

उत्तर : शेवटून दुसरं वाक्य तुम्ही वैतागून लिहिलंय, पण रोग त्यातच सापडतोय. आधी ट्रॅकरवरचं 'एन' आणि 'एस' लिहिलेलं बारीक बटण बघा. काही ट्रॅकरांत ही निवड मोबाइलच्या ॲपमध्ये असते. 'एस' दक्षिण गोलार्धासाठी. ते लागलेलं असेल तर मोटर ताऱ्यांच्या उलट दिशेने पळते.

खात्री करायला एकच हिशेब पुरे. मृगाच्या पट्ट्याजवळचे तारे सेकंदाला १५ विकला सरकतात (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). मोटर बंद ठेवून ६० सेकंद दिलेत तर १५ कलांची रेघ येईल, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण निम्मी. मोटर उलटी फिरत असेल तर रेघ दुप्पट, जवळजवळ अख्ख्या चंद्राएवढी. त्याच लेन्सने मोटर बंद आणि चालू असे दोन फोटो काढा आणि रेघा शेजारी ठेवून मोजा. डोळ्यांनीही ओळखता येतं : उत्तरेकडे तोंड करून ट्रॅकरच्या मागे उभं राहिलं की त्याची चकती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवी. गती इतकी मंद की बघत बसलात तर काही हलताना दिसणार नाही. पेन्सिलीची खूण करा, चहा घेऊन या, मग बघा.

दिशा बरोबर असूनही आखूड रेघ उरली, तर ट्रॅकर ज्याभोवती फिरतो तो अक्ष ध्रुवाशी जुळलेला नाही. हर्णैला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे दोन मुठींच्याही आत. इतक्या खाली समुद्रावरचा दमट धूसरपणा, शेजाऱ्याचे माड, नाहीतर डोंगराची सोंड यांपैकी एक तरी आडवं येणारच. शिवाय आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो तारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नाहीच, तिथून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. म्हणून अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत तो बरोबर मधोमध आणू नका. त्यातल्या वर्तुळावर त्या वेळी जिथे असायला हवा तिथे आणा, जागा ॲप दाखवतं.

आणि रेघ सरळ न येता वळवळत आली, तर मोटर-अक्ष सगळं विसरा आणि पाय बघा. पुळणीत ट्रायपॉड हळूहळू रुततो. मी प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवतो आणि मधल्या हुकाला पाण्याचा कॅन टांगतो. कॅन जमिनीला जरासा टेकलेला हवा, नाहीतर वाऱ्यावर तोच झोके घेतो.

प्रश्न : शाळेसाठी १३० मिमीची परावर्ती दुर्बीण घेतली आहे (फोकल लेंग्थ ६५०). डोळ्याने चंद्र सुरेख दिसतो. पण आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून डीएसएलआर कॅमेरा लावला की फोकस होतच नाही, फोकसर (आयपीस धरणारी, आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत घेतला तरी चंद्र धुरकट. मुलं विचारतात, काय सांगू? (गुहागर, शिक्षिका)

उत्तर : बाई, मुलांना सांगा, दुर्बीण ठणठणीत आहे, फक्त कॅमेऱ्याला दारातून आत यायला जागा नाही.

एक प्रयोग वर्गालाच करू द्या. चंद्रावर दुर्बीण रोखा, आयपीस काढा, आणि फोकसरच्या तोंडाशी बटरपेपरचा तुकडा धरून पुढे-मागे सरकवा. एका ठिकाणी कागदावर चंद्राचं छोटंसं चित्र उमटेल, खड्डे मोजता येतील इतकं धारदार. कॅमेऱ्याचा सेन्सर नेमका तिथे पोचायला हवा. आता कॅमेऱ्याच्या माथ्यावर बघा : एका गोलाला आडवी रेघ मारलेली खूण असते. सेन्सर त्या रेघेच्या पातळीत असतो. तिथून माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या जागेच्या, तोंडापर्यंत कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ मिमी, निकॉनमध्ये ४६.५ मिमी. त्यावर कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी टी-रिंग चढली की ५५ मिमी होतात. फोकसर अगदी आत घेऊन तोंडापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते ५५ पेक्षा कमी भरलं की सेन्सर जागेच्या बाहेरच राहणार. डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच दुर्बिणींत असंच असतं.

उपाय सोपा ते अवघड या क्रमाने सांगतो. फोकसरवरचा आयपीस धरणारा भाग फिरवून निघतो का पाहा. त्याखाली आटे असले तर टी-रिंग थेट तिथे बसते आणि थोडे मिलिमीटर वाचतात. काम तेवढ्यावर भागू शकतं. नाहीच भागलं तर दुप्पट मोठं दाखवणारी बार्लो लेन्स लावा, ती प्रतिमा बाहेर ढकलते. पण फोकल लेंग्थ १३०० होते, प्रतिमेचा उजेड चौथाईवर येतो आणि एक्स्पोजर चौपट लागतं. चंद्र, गुरू, शनी यांना चालेल, तेजोमेघांना त्रास होईल. तिसरा उपाय मुख्य आरसा लांब स्क्रूंवर घेऊन वर उचलण्याचा. मी तो माझ्या दुर्बिणीवर केला, दोन रविवार गेले आणि एक स्प्रिंग अजून विहिरीत आहे. शाळेच्या वस्तूवर करू नका.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्या असं कोणी सांगेल. सोनीच्या मिररलेसमध्ये सेन्सरपासून माउंटपर्यंतचं अंतर १८ मिमीच असतं हे खरं, पण बाजारातला ॲडॅप्टर बहुधा लांबी भरून काढून पुन्हा ५५ करतो. आखूड नळीचा मागून घ्यावा लागतो. आणि प्रयोग दिवसा दूरच्या दीपस्तंभावरही करता येतो, फक्त सूर्य जवळपास नको, आणि मुलांना दुर्बिणीपाशी एकटं सोडू नका.

प्रश्न : ८० मिमीची छोटी दुर्बीण आहे. जानेवारीत पहिला अर्धा तास कृत्तिका छान येतात, मग ताऱ्यांभोवती कडी पडतात आणि फोटो पांढरट होतो. मी दर दहा मिनिटांनी मऊ कापडाने भिंग पुसते. काच खराब होतेय का? (मालवण, निवृत्त परिचारिका)

उत्तर : ताई, पुसणं आजच थांबवा. तुमच्या भिंगावर दव पडतं, आणि आपल्याकडच्या दवात खार असतो.

१९९७ साली हेल-बॉप धूमकेतू दिवेलागणीनंतर वायव्येला समुद्रावर दिसायचा. मी रोल टाकून सज्ज होतो. लेन्स धुरकटली, मी खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने ती पुसली. काय झालं हे आठवड्याने प्रिंट आल्यावर कळलं : काचेवर कोंबड्याने उकरावं तसे ओरखडे आणि प्रत्येक फोटोत धूमकेतूभोवती चिखल. ती लेन्स मी अजून ठेवलीय. पंचा हाताला आला की आठवते.

मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेलं भिंग उष्णता सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. हवा दमट, म्हणजे दव भिंगावरच धरणार. त्याला आकाश कमी दिसेल असं करा : काळ्या फोमच्या चटईची नळी करून तोंडावर चढवा, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट पुढे. तुमच्या ८० मिमीला १२० मिमी. तेवढ्याने नाही भागलं तर पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा भिंगाच्या कडेभोवती बांधा, तोही दव पडायच्या आधीच. एकदा पडलं की केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून दुरून फिरवा. हात नाही लावायचा.

घरी आणल्यावर झाकण लगेच लावू नका, ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. पंख्याखाली वाळू द्या, मग सिलिका जेलबरोबर बंद डब्यात. नारिंगी दाणे हिरवे झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा नारिंगी करता येतात. त्या तव्यावर भाकरी मात्र भाजू नका. आमच्या हिने माझ्यासाठी तवाच वेगळा काढून दिला, वर तेलरंगाने माझं नाव घालून. निळे दाणे घरात नकोत, त्यांत कोबाल्ट असतं.

प्रश्न : काका, माझा कॅमेरा ३० सेकंदांचा फोटो काढला की आणखी ३० सेकंद अडकून पडतो, काही दाबता येत नाही. बंद केला तर तो फोटो जातो. आणि दादाच्या कॅमेऱ्यात तर लाल-निळे ठिपके येतात. दोन्ही बिघडले? (देवगड, अकरावी)

उत्तर : अरे, तुझा कॅमेरा अडकत नाही, काम करतोय. मेनूमध्ये 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू आहे. फोटो झाला की तो शटर मिटून तेवढाच वेळ काळोखाचा एक फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. दादाच्या कॅमेऱ्यात ते बंद असणार, म्हणून त्याला ठिपके. सेन्सर तापला की ठिपके वाढतात. सहा-सात अंश वाढले की हा उपद्रव साधारण दुप्पट होतो, त्यामुळे मे महिन्यात तुम्हाला जानेवारीपेक्षा जास्त दिसतील.

तू ते बंद कर. रात्र संपताना झाकण लावून, तेच आयएसओ, तेच ३० सेकंद ठेवून १५-२० काळे फोटो एकदम घे आणि संगणकावर वजा कर. झाकण लावून कॅमेरा घरात नेऊ नकोस, बाहेरच्याच हवेत ठेव. काळ्या फोटोंत दर वेळी त्याच जागी ठिपका दिसला की समज, तो तारा नव्हता.

प्रश्न : आकाशगंगेच्या फोटोत पश्चिमेला क्षितिजावर हिरवट-पांढरा उजेड येतो. लेन्सचा दोष? (निवती)

उत्तर : नाही हो, ते मासेमारीच्या बोटींचे दिवे. आकाशगंगेचा ठळक भाग ज्यांत आहे त्या वृश्चिक-धनू राशी पहाटे आग्नेयेला असतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढा. समुद्र मागे राहील. जून-जुलैत मासेमारी बंद असते, क्षितिज अगदी काळं मिळतं. फक्त तेव्हा वरून पाऊस कोसळत असतो.